मिस्सानंतर बीपी तपासणाऱ्या नर्ससाठी

वसईच्या एका धर्मग्रामातल्या स्टाफ नर्सनं प्रश्न पाठवलाय. फादरांच्या सांगण्यावरून गेले तीन महिने ती दर रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या ओसरीत बसून लोकांचा बीपी तपासते. पहिल्या दोन रविवारी रांग लागली. आता तेच ते वीसेक जण येतात आणि त्यातल्या बहुतेकांचा बीपी ठीकच असतो. ज्यांचा वाढलेला निघाला होता, ते मात्र फिरकत नाहीत. तिचं म्हणणं, माझं काय चुकतंय? आणि परदेशात चर्चमध्ये अशी नर्स नेमतात असं वाचलं, ते आपल्याकडे कसं जमवायचं?

मी सिंधुदुर्गात तेहेतीस वर्षं सरकारी नोकरीत नर्स होते. निवृत्त झाल्यापासून मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या सभामंडपात हेच काम करते. पुढे शेजारच्या वाडीतल्या चर्चनं बोलावलं, मग खाडीपलीकडच्या मुसलमानांच्या जमातीनंही. तू माझ्यापेक्षा बरीच लहान आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

तुझं चुकलेलं काही नाही, काम अर्ध्यावर थांबलंय. पट्टा बांधून आकडा सांगणं हा कामाचा सगळ्यात सोपा भाग. ज्याचा १६०/१०० निघाला तो पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे गेला का, गोळी सुरू झाली का, महिन्याचं पाकीट संपल्यावर दुसरं आणलं का, हे बघणं म्हणजे खरं काम. बीपी दुखत नाही, खुपत नाही. म्हणून माणूस गोळी सुरू करतो, बरं वाटतं, आणि सोडून देतो. आमच्याकडे म्हणतात, ‘प्रेशर चढलो की माका कळता.’ नाही कळत. मी ज्यांचे २००च्या वर आकडे बघितलेत, त्यातले कितीतरी जण बाजारातून चालत आले होते.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चूक करून शिकले. पहिल्याच वर्षी सभामंडपात शनिवारच्या भजनानंतर तपासणी ठेवली होती. एक पखवाज वाजवणारे काका आले, पन्नाशीतले, हात दगडासारखे. आकडा निघाला १८४/११०. माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं, ‘अहो काका, एवढा?’ बाजूला दहा माणसं बसलेली. कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, ‘आता पखवाज बंद.’ काका हसत उठले आणि परत कधी माझ्या टेबलाकडे आले नाहीत. भजनाला यायचे, मी दिसले की दुसऱ्या बाजूनं जायचे. मीही म्हटलं, येतील कधीतरी. आठ महिन्यांनी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. आज ते सभामंडपात खांबाला टेकून बसतात आणि त्यांचा मुलगा वाजवतो. तो आकडा मी मोठ्यानं बोलले नसते आणि पुढच्या शनिवारी त्यांच्या घरी गेले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की टेबल ओसरीतून आत ने. चर्चच्या बाजूला धर्मशिक्षणाची खोली असेल, तिथे बस. एका वेळी एकच माणूस आत, दार लोटलेलं. आकडा चिठ्ठीवर लिहून हातात दे, बोलायचं ते हळू. देवळात, चर्चमध्ये, मशिदीत सगळे एकमेकांना ओळखतात. आपल्या कामाचं बळ तेच, आणि धोकाही तोच. लग्नाच्या मुलीच्या आईला ‘त्यांच्या घरात प्रेशर आहे’ असं कुणी म्हटलेलं नको असतं. गाबिताला वाटतं, मालक होडीवर घेणार नाही. तुझ्या रांगेतून जे गळाले, त्यातले निम्मे तरी लाजेनं गळाले असणार. आणि एक, फादर कितीही चांगले असले तरी कुणाचा किती आकडा ते त्यांनाही सांगायचं नाही, त्या माणसानं हो म्हटल्याशिवाय.

दुसरी गोष्ट वही. मोठी दोनशे पानी घे. एका पानावर एक माणूस. तारीख, दोन आकडे, कोणती गोळी, कुठून आणतो, पाकीट कधी संपणार. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आज ज्याच्या हातात तीस गोळ्यांचं पाकीट आहे त्याचं नाव तू चौथ्या रविवारी शोधायचंस. दिसला तर ‘नवीन पाकीट आणलं का?’ एवढंच विचार. दिसला नाही तर त्याच्या शेजारणीला ‘बरे आहेत ना ते, आले नाहीत’ म्हण, आणि मग घरी जा. दवाखान्यातून गळालेला पेशंट डॉक्टरला रस्त्यात भेटत नाही. तुझा पेशंट पुढच्या रविवारी तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. ही सोय कुठल्याच इस्पितळाला नाही.

आता परदेशाचं. अमेरिकेत १९८०च्या दशकात ग्रेंजर वेस्टबर्ग नावाच्या लुथरन धर्मगुरूंनी शिकागोजवळच्या एका इस्पितळाच्या मदतीनं काही चर्चमध्ये नर्स नेमल्या. तिथून ही पद्धत पसरली. आधी त्यांना पॅरिश नर्स म्हणत. पुढे यहुदी, मुसलमान मंडळींतही असं काम व्हायला लागलं तसं नाव बदलून फेथ कम्युनिटी नर्स झालं. ही नर्स तिथे इंजेक्शन देत नाही, ड्रेसिंग करत नाही. तपासते, समजावते, डॉक्टरशी जोडून देते आणि माणसाला धीर देते. आपल्याकडे असं पद नाही, पगार नाही. पण मला विचारशील तर पदाची गरजही नाही. तुझ्या धर्मग्रामात निवृत्त नर्स, इस्पितळात नोकरी करणाऱ्या मुली किती असतील बघ. वसईत तर घराआड एक नर्स सापडेल.

परदेशातली एक गोष्ट मात्र आपण नीट समजून घ्यायला हवी. चर्चमधली नाही, न्हाव्याच्या दुकानातली आहे. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या केशकर्तनालयांत एक मोठा प्रयोग झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. ५२ दुकानं, तीनशेवर गिऱ्हाईकं, सगळ्यांचा बीपी वाढलेला. काही दुकानांत न्हावी फक्त सांगायचा की बाबा, डॉक्टरकडे जा, खाणंपिणं सांभाळ. बाकीच्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः यायचा आणि डॉक्टरशी ठरवलेल्या पद्धतीनं तिथेच गोळ्या लिहून द्यायचा, वाढवायचा. सहा महिन्यांनी नुसत्या सल्ल्याच्या दुकानांत वरचा आकडा सरासरी ९ नं उतरला, आणि जिथे गोळ्या दुकानातच ठरत होत्या तिथे २७ नं. सल्ल्याचा गुण येतो, नाही असं नाही. पण ओळखीच्या जागेत औषध येऊन मिळालं की फरक तिप्पट होतो.

आपण गोळ्या लिहू शकत नाही, लिहायच्याही नाहीत. डोस वाढवणं, कमी करणं, एकीची गोळी दुसरीला देणं, काही नाही. ते डॉक्टरचं काम. पण डॉक्टर आणि माणूस यांच्यातलं अंतर आपण कमी करू शकतो. आमच्या जिल्ह्यात हे सोपं गेलं, कारण केंद्र सरकार आणि आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१७ मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, प्रत्येकाचं कार्ड, महिन्याचं औषध एकदम. मी तेव्हा नोकरीत होते, ती शिस्त मी निवृत्तीनंतर देवळात आणली. तुझ्या जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आरोग्यवर्धिनी, जिला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला एकदा भेट. आशाताईंना तुझ्या खोलीत बोलाव. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. वसईत खासगी डॉक्टरकडे जाणारे जास्त असतील, तर धर्मग्रामातलेच दोन-तीन डॉक्टर गाठ आणि विचार, ‘मी चिठ्ठी देऊन पाठवलेल्या माणसाला बसवून न ठेवता बघाल का?’ ते नाही म्हणणार नाहीत.

मोजण्याबद्दल थोडंच सांगते, कारण तुला येतं. पण मिस्सानंतरची वेळ फसवी असते. माणूस उभा राहून गायलेला असतो, गुडघे टेकून उठलेला असतो, बाहेर येऊन चार जणांशी बोललेला असतो. आल्या आल्या पट्टा बांधू नकोस. पाच मिनिटं खुर्चीत, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. लघवीला जाऊन आलेला हवा. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी नको. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. शर्टाच्या बाहीवर पट्टा नाही, आणि बाही घट्ट गुंडाळून वर सरकवलेली असेल तर तीही नको. रविवारचे कपडे असतात, बायकांच्या ब्लाऊजच्या बाह्या घट्ट असतात, म्हणून पडद्याची सोय ठेव. मोजताना तू बोलायचं नाही आणि त्यानंही नाही. बोलण्यानंच आकडा दहानं वर जातो. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोज. पहिल्या भेटीत दोन्ही हात बघ आणि ज्याचा जास्त तोच हात पुढे धर. जाड दंडासाठी मोठा पट्टा विकत घे, त्यात काटकसर नको. लहान पट्ट्यानं नसलेला बीपी दिसतो आणि चांगल्या माणसाच्या मागे उगाच गोळी लागते. म्हातारी माणसं चक्कर येते म्हणाली तर बसवून मोज, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोज. वरचा आकडा २० नं पडला तर त्याच्या डॉक्टरला कळव. गोळी जास्त होत असेल.

एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला ‘तुम्हाला बीपी आहे’ म्हणायचं नाही. दोन वेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आला की चिठ्ठी देऊन पाठव. १८०/१२० च्या वर आला तर घाबरवू नकोस, पाच मिनिटांनी पुन्हा मोज. तेवढाच राहिला पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, सोबत कुणीतरी देऊन. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं, हातपाय लुळा, बोबडी वळणं, डोळ्यापुढे अंधारी, असं काही असेल तर थेट १०८. आणि जिभेखाली निफेडिपिनची गोळी फोडून बीपी खाडकन उतरवायचा नाही. आमच्या काळात सर्रास करायचो. त्यानं रक्तपुरवठा एकदम तुटून झटका येऊ शकतो. कुणा जुन्या माणसाच्या खिशात ती गोळी असेल तर ती डॉक्टरला दाखवायला सांग.

आता मीठ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोकणात बीपी आणि मिठाचं भांडण घरोघर आहे आणि नुसतं ‘मीठ कमी खा’ म्हटलं की बायका मान हलवतात आणि घरी जाऊन तेच करतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. हे सांगून कुणाला काही कळत नाही. मी वेगळं विचारते. ‘घरात माणसं किती? मिठाचा किलोचा पुडा किती दिवस पुरतो?’ चार माणसं आणि महिन्याला एक पुडा, म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर. हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर समोर करून दाखवते. बायकांना पुड्याचा हिशोब लगेच पटतो, कारण पुडा त्याच आणतात. मग म्हणायचं, पुढचा पुडा चाळीस दिवस पुरवा, नंतर पन्नास.

पण पुड्यातलं मीठ हे आपल्याकडचं सगळं मीठ नव्हे. पावसात होड्या बंद असतात, तेव्हा खारा बांगडा, सुके बोंबील, सुकट, गोलमो. पेजेबरोबर खारातला आंबा नाहीतर सांडगी मिरची. कोकमाच्या आगळात मीठ असतं, ते सोलकढीत येतं आणि वर पुन्हा चवीला मीठ पडतं. पापड, लोणचं. तुमच्या वसईलाही सुकी मासळी काही कमी नाही. गरीब घरात पेजेला तोंडी लावायला खारट काहीतरी लागतंच, त्यावर आपण बोट ठेवताना जपून. मी एका आजीला ‘खारा बांगडा बंद’ म्हटलं होतं, तर ती म्हणाली, ‘मगे पेज कशाबरोबर खाव गो?’ तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी तिच्या चुलीशी जाऊन बसले. तिनं बांगडा कोमट पाण्यात भिजत घातला, पाणी दोनदा बदललं, मग भाजला. दुसऱ्यांदा ओतलेलं पाणी तिला चाखायला लावलं, तिनं तोंड वाकडं केलं. त्याच्याबरोबर वरून मीठ नाही, त्या दिवशी लोणचं नाही, आणि आठवड्यातून एकदाच. बाकी दिवशी पेजेबरोबर कुळथाची पिठी, मीठ निम्मं, कोकम आणि लसूण जास्त. आंबट आणि तिखट असलं की मिठाची उणीव जिभेला जाणवत नाही, हे आपल्या बायकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांनाच विचारायचं, ‘हे कमी मिठात कसं कराल?’ चर्चच्या सणाच्या जेवणात एक पातेलं कमी मिठाचं करायला महिला मंडळाला सांग. ते आधी संपलं तर मला कळव.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. ज्याला किडनीचा त्रास आहे किंवा जो टेल्मिसार्टनसारखी गोळी घेतो, त्यानं ते डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. सगळ्यांना सरसकट सांगू नकोस.

गोळीचं. लोक गोळी का सोडतात ते विचार, रागावू नकोस. अॅम्लोडिपिननं पाऊल सुजतं, तर त्यांना वाटतं किडनी गेली. एका प्रकारच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. ‘एकदा चालू केली की जन्मभर लागते’ म्हणून सुरूच करत नाहीत. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून रोज डायक्लोफिनॅक घेणारे खूप, त्यानं बीपी चढतो आणि गोळी लागू पडत नाही असं वाटतं. म्हणून पाकिटं घेऊनच यायला सांग, सगळी, पिशवीसकट. सूज, खोकला, सगळ्याला डॉक्टरकडे दुसरी गोळी आहे. सोडू नका, बदलून घ्या, एवढं वाक्य पाठ करून घे. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नाहीत.

आणि श्रद्धेचं. तुला कुणीतरी म्हणेलच, ‘प्रार्थना चालू आहे, गोळी कशाला?’ त्याच्याशी वाद घालू नकोस, ते आपलं काम नाही आणि त्यात आपण हरतो. आमच्या गावात एक घर कौल लावून गोळी घ्यायची की नाही ते ठरवत होतं. मी गावकारांकडे गेले, त्यांचाही बीपी माझ्याच वहीत आहे. त्यांना सांगितलं, काका, लोक गोळ्या सोडतात आणि मग आडवे होतात. ते काही बोलले नाहीत. पुढच्या सणाला गाऱ्हाणं घालताना, गुराढोरांचं, पावसापाण्याचं, मुंबईच्या चाकरमान्यांचं सगळं म्हणून झाल्यावर त्यांनी मध्येच म्हटलं, ‘आणि जेंका प्रेशरची गोळी चालू आसा, तेंका ती रोज घेवची बुद्धी दी रे म्हाराजा.’ सगळा सभामंडप म्हणाला, ‘व्हय म्हाराजा!’ मी मागे उभी होते, मला रडू आलं. त्या महिन्यात सात जणांनी सोडलेली गोळी पुन्हा सुरू केली. तुझ्याकडे फादरांचं प्रवचन आहे. प्रवचनात आकडे नकोत, ‘शरीर ही देवाची ठेव आहे, डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज घ्या’ एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं तर तुझ्या दहा रविवारांचं काम होईल.

उपासाचे दिवस आधी हेर. उपवासकाळात बरेच जण सकाळचं जेवण सोडतात आणि त्याबरोबर गोळीही सोडतात. तिथे सांगायचं की गोळी पाण्याबरोबर घेतल्यानं उपास मोडत नाही, खात्री हवी तर फादरांना विचारा. आमच्याकडे चतुर्थीला, एकादशीला हेच होतं, शिवाय साबुदाण्याची खिचडी आणि तळलेल्या खारट चकत्या. रमजानमध्ये मात्र पाणीही नसतं. तिथे मी महिनाभर आधीच जमातीत यादी करते आणि प्रत्येकाला डॉक्टरकडे पाठवते. दिवसाला एकच गोळी असेल तर ती बहुतेकदा इफ्तारला किंवा सहरीला हलवता येते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर डॉक्टरनं बघूनच.

शेवटी जे येतच नाहीत त्यांचं. तुमच्याकडे आजारी, म्हाताऱ्या माणसांना घरी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊन जातात ना? फादरांना विचारून त्यांच्याबरोबर जा. प्रार्थनेला आत, तपासणीला नंतर. मी आमच्या वाडीतल्या चर्चच्या लोकांबरोबर अशीच एका माईंकडे गेले होते. मुलगा म्हणाला, गोळ्या वेळच्या वेळी घेते. बीपी १७६. मी म्हटलं, माई, गोळ्या कुठे ठेवता? त्यांनी वेदीवरचा, माऊलीच्या तसबिरीमागचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा दाखवला. आत अडीच महिन्यांची पाकिटं, एकही न फोडलेली. मुलगा इतक्या लांबून पैसे खर्चून आणतो, वाया नकोत, खरंच बरं नसेल तेव्हा घेऊ, म्हणून जपून ठेवलेली. त्याच दिवशी मुलानं डॉक्टरना फोन लावला, आणि त्यांनी सांगितल्यावर डब्यातली पहिली गोळी मी तिथेच त्यांच्या हातावर ठेवली. आता रोज संध्याकाळी माळ जपायला बसण्याआधी माई एक घेतात. गेल्या महिन्यात १३८ होता.